वरच्या आळीचा चढ

डॉ. विशाखा बनगे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कागलला, डेंग्यूचे रुग्ण वाढले म्हणून बोलावलेल्या एका बैठकीत. त्या वेळी त्या तालुका आरोग्य अधिकारी होत्या आणि मी नायब तहसीलदार, म्हणजे बैठकीत कुणाला चहा मिळायचा राहिला नाही ना एवढंच बघण्याचा पूर्ण अधिकार असलेला माणूस. सगळे अधिकारी खुर्च्यांवर बसून आपापल्या खात्यानं काय काय केलं ते वाचून दाखवत होते आणि या बाई भिंतीच्या कडेनं येरझारा घालत ऐकत होत्या. त्यांच्याबरोबर आमच्या माना इकडून तिकडे फिरत होत्या. शेवटी अध्यक्षस्थानी असलेले साहेब वैतागले आणि म्हणाले, मॅडम, बसून घ्या. त्या थांबल्या आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या, "नको साहेब. बसलं की मला सगळं पटायला लागतं."

खोलीत कुणी हसलं नाही, कारण साहेब हसले नव्हते. पण मी नोकरीत नंतर ज्या शेकडो बैठका पाहिल्या, त्या प्रत्येक बैठकीत मला हे वाक्य आठवलं आहे. फवारणी झाली, सर्वेक्षण झालं, जनजागृती झाली, असं एकेकानं वाचून दाखवलं की दुसऱ्यानं मान डोलवायची आणि आपली पाळी आली की त्यानंही तेच वाचायचं. त्या दिवशी मॅडमांनी साहेबांना बैठकीतून उठवून थेट बाजारामागच्या पंक्चरच्या दुकानांकडे नेलं आणि साचलेल्या पाण्यानं भरलेले जुने टायर दाखवले. फवारणी झालेल्या भागात ती दुकानं येत होती, हे सांगायला नकोच.

या गौरवग्रंथासाठी लिहा असा संपादक मंडळाचा फोन आला, तेव्हा एक सूचनाही आली. लेख गौरवपर असावा, वादाचे मुद्दे टाळावेत. मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मग माझ्याकडे लिहिण्यासारखं फारसं उरत नाही. मॅडमांचा आणि माझा स्नेह हा एका वादावर उभा आहे. तो वाद वगळून गौरव करायचा म्हणजे मुलाखतीला गेलेल्या मुलासारखं खोटं हसत बसायचं, आणि ते मला साठीनंतर जमणार नाही. हा लेख लिहिताना मी कितीदा तरी टेबलावरून उठून अंगणात फेऱ्या मारून आलो आहे. बायको म्हणते, बाईंची सवय लागली तुम्हाला. लागली असेल.

मॅडमांचं मूळ गाव कागलच्या पलीकडचं. छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरातला त्यांचा जन्म. वडील साखर कारखान्यात कामाला होते आणि मुलीच्या शिक्षणाच्या बाबतीत घरात कुणाचंही ऐकत नसत. कोल्हापुरात डॉक्टर होऊन बाहेर पडल्यावर मॅडमांना शहरात दवाखाना थाटता आला असता. त्यांच्या वर्गातल्या पुष्कळांनी थाटले, आणि चांगले चालवले. मॅडमांनी सरकारी नोकरी धरली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा आरोग्य अधिकारी पदापर्यंत तीत राहिल्या. मी एकदा विचारलं, का? त्या म्हणाल्या, दवाखान्यात आजारी माणूस आपल्याकडे येतो, इथं आपल्याला आजाराच्या आधी पोचायचं असतं. मग लगेच म्हणाल्या, पोचतो असं म्हणत नाही मी.

सरकार संकटात निर्णय कसा घेतं, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. त्याला वाटतं, संकट आलं की साहेब हुकूम सोडतात. तसं नसतं. संकट आलं की सरकार आधी शब्द शोधतं. साथ म्हणावी, तर साथीबरोबर जबाबदाऱ्या येतात. म्हणून आम्ही 'साथसदृश परिस्थिती' म्हणतो. मग अभिप्राय निघतात. महसूल खातं आरोग्याचा अभिप्राय मागतं, आरोग्य खातं पाणीपुरवठ्याचा मागतं, पाणीपुरवठा प्रयोगशाळेकडे बोट दाखवतो, आणि प्रयोगशाळा आपल्या वेळेनं काम करते. यात कुणी बदमाश नसतो. प्रत्येक जण आपल्या टेबलापुरता बरोबर असतो, आणि माणसं मात्र त्या टेबलांच्या मधल्या जागेत आजारी पडतात. मी त्यातलाच एक टेबलवाला होतो आणि अजूनही तसाच विचार करतो, म्हणून हे एवढं ठासून सांगतो आहे.

आता करंजगिरीचं सांगतो.

आजऱ्याच्या बाजूचं हे मोठं गाव. काजूचे चार-दोन कारखाने, त्यात काम करणाऱ्या बायका, बाकी भातशेती. कोरोनाच्या थोडं आधीची गोष्ट आहे. मी तिथला तहसीलदार होतो आणि मॅडम जिल्हा आरोग्य अधिकारी. गावची म्हाई तोंडावर आली होती. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, म्हाई म्हणजे गावदेवीची यात्रा. घरोघरी मटणाचा बेत, माहेरवाशिणी, जावई, व्याही, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे. त्या दिवशी गाव दुपटीनं भरतं, आणि कोण कुणाकडे जेवलं याला काही सुमार राहत नाही.

अशात गावच्या खालच्या आळीत उलट्या-जुलाब सुरू झाले. आधी दोन घरं, मग रांगेनं घरं. एक तरणाबांड गवंडी दवाखान्यात नेता नेता गेला. मॅडम कोल्हापूरहून निघाल्या आणि मी आजऱ्याहून. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आम्ही गाठ घेतली. तिथे सरपंच बाळूदादा होते, पाणीपुरवठ्याचे अभियंता होते, पंचायत समितीची माणसं होती. मॅडम अर्थातच उभ्या होत्या.

सगळ्या गावाला एकच नळयोजना. नदीवरून पाणी उचलायचं, टेकावरच्या टाकीत घ्यायचं आणि गावभर सोडायचं. मॅडमांचा संशय नळावर होता. अभियंता म्हणत होते, ब्लीचिंग पावडर टाकली जाते, नमुने तपासायला गेलेत, अहवाल येऊ दे. अहवालाला वेळ लागणार होता आणि म्हाई थांबणार नव्हती. मॅडमांचं म्हणणं, म्हाई पुढे ढकला आणि नळ आजच बंद करा, टँकर लावा. माझं म्हणणं, म्हाई जरूर पुढे ढकला, पण नळ बंद करू नका. लोकांना पाणी उकळून प्यायला सांगा, घरोघरी औषध वाटा. नळ बंद केला तर लोक तहानलेले राहणार नाहीत, जिथं मिळेल तिथलं पाणी पितील. गावात जुने आड आहेत, ओढा आहे. नळाचं पाणी निदान कुणीतरी बघतं, आडाचं कोण बघतं?

मी वरिष्ठांना फोन लावला. त्यांनी दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, तुम्ही दोघं जागेवर आहात, तुम्ही ठरवा, माझा पाठिंबा आहे. पाठिंबा नेमका कशाला आहे हे विचारायच्या आत फोन बंद झाला होता. अधिकार माझ्या सहीला होता आणि माहिती मॅडमांकडे होती. सरकारात नेहमी असंच असतं, सही एकीकडे आणि समज दुसरीकडे.

त्या वेळी मॅडमांनी जी रीत वापरली, ती त्यांची जन्माची रीत आहे. त्यांच्या हाताखाली काम केलेले सगळे ती ओळखतील. त्या म्हणाल्या, "तहसीलदारसाहेब, कोण बरोबर ते आज कळणार नाही. दोन्ही चुका समोर ठेवू. नळ चांगला असून बंद केला, तर गाव शिव्या देईल, आपण माफी मागू. नळ वाईट असून चालू ठेवला, तर माफी मागायला कुणाकडं जायचं? ज्या चुकीची माफी मागता येईल, ती चूक करू."

मी म्हणालो, तिसरी चूक राहिली. नळ बंद केला आणि त्याहून वाईट पाणी कुणी प्यालं तर? त्या चालता चालता थांबल्या. मग म्हणाल्या, तुमची ही भीती आदेशात पहिल्या कलमात घाला. आधी टँकर, मग नळ बंद. आणि तुमचा विरोध आहे हेही आदेशात लिहा. आजवर दुसऱ्या एकाही अधिकाऱ्यानं मला माझा विरोध लिहून ठेवायला सांगितलेलं नाही. उलट सगळ्यांनी तो पुसायलाच सांगितला आहे.

जरा चिडूनच मी म्हणालो, मॅडम, नळ बंद करणं तुम्हाला इतकं सोपं वाटतं का? तेव्हा त्या जे बोलल्या ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, पण आता त्यांची परवानगी घेतली आहे. "माझी आजी आडापासून लांब उभी राहायची. वरून कुणी घागरीत ओतलं तर पाणी, नाहीतर ऊन. आमच्या वस्तीत नळ आला तेव्हा बाबांनी पेढे वाटले होते. नळ बंद करा म्हणताना मला काही होत नाही, असं समजू नका."

मी सही केली. त्या बरोबर आहेत अशी खात्री पटली म्हणून केली नाही. माफी मागायला कुणाकडं जायचं, हा त्यांचा प्रश्न मला ओलांडता आला नाही म्हणून केली.

बाळूदादांची अवस्था बघवत नव्हती. ते म्हणाले, "मॅडम, बकरी आणल्यात, लेकीबाळी माहेराला यायला निघाल्यात. पावण्यास्नी काय सांगू मी?" मॅडम म्हणाल्या, माझं नाव सांगा. आरोग्यखात्याच्या बाईनं म्हाई बंद पाडली म्हणून सांगा. दादांनी खरंच तसं सांगितलं, आणि त्या आठवड्यात आसपासच्या पाच-पन्नास गावांत मॅडमांचा जो उद्धार झाला तो या ग्रंथात छापण्यासारखा नाही.

आता जे घडलं ते फक्त आमच्यासारख्या लोकांच्या हातूनच घडू शकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर गावात आला. ग्रामपंचायतीसमोर उभा राहिला. कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि तो तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'करंजगिरी येथे टँकर पोहोचला.' फोटोत टँकर होता, पाणी भरणाऱ्या बायका होत्या, कडेला हात जोडून उभे असलेले दोन पदाधिकारीही होते. कोल्हापूरहून अंगठे आले. आदेशातलं पहिलं कलम पूर्ण झालं, असं सगळ्यांनी मानलं. टाकीवर निरोप गेला आणि नळ बंद झाला.

करंजगिरीची वरची आळी टेकाला लागून आहे. तिथे जायला दगडी फरसबंदीचा उभा चढ आहे, बैलगाडीसुद्धा जपून जाते. भरलेला टँकर तिथे चढूच शकत नव्हता. चालकानं एकदा प्रयत्न केला आणि चाक घसरल्यावर टँकर मागे घेतला. त्याचा फोटो कुणी काढला नाही. खालच्या आळीत पाणी वाटलं गेलं आणि वरच्या आळीतली माणसं घागरी घेऊन उन्हात वाट बघत बसली. ज्यांच्या पायांत जोर होता ते खाली येऊन पाणी घेऊन गेले. ज्यांच्या पायांत नव्हता ते तहानलेले राहिले.

वरच्या आळीत शेवंताबाई राहतात. एकट्या. काजूच्या कारखान्यात टरफलं काढून काढून हात काळे झालेले, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. त्या दिवशी कामावरून चढ चढून घरी आल्या, नळाला पाणी नाही, माठ रिकामा. परसामागच्या जुन्या आडात बादली सोडली आणि पाणी प्याल्या. संध्याकाळनंतर त्या इतक्या आजारी झाल्या की त्यांना कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं. किडन्या काम करेनाशा झाल्या होत्या. त्या राहतील की जातील, हे डॉक्टरही सांगेनात.

मग अहवाल आला. खालच्या आळीत नळाचा पाइप गटारातून जात होता आणि तिथल्या सांध्यातून घाण आत शिरत होती. पाणी खरोखर वाईट होतं. नळ बंद झाल्यापासून खालच्या आळीत नवे रुग्ण येणं थांबलं. म्हाई झाली असती तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही. म्हणजे मॅडम बरोबर होत्या. आणि वरच्या आळीची लाइन टाकीतून वेगळी येत होती, तिचं पाणी स्वच्छ होतं. शेवंताबाईंच्या नळाला त्या दिवशी पाणी असतं, तर त्या आजारी पडल्याच नसत्या. म्हणजे मीही बरोबर होतो. ज्या अहवालाची आम्ही एवढी वाट बघत होतो, तो आला आणि त्यानं आमचा निकाल लावलाच नाही. मला तेव्हापासून स्वस्थता नाही, हे मी मोकळेपणानं सांगतो.

मॅडम रोज दवाखान्यात जात होत्या. एकदा मी बरोबर गेलो. शेवंताबाईंना नुकती शुद्ध आली होती. कुणी ओळख करून द्यायच्या आत त्यांनी मॅडमांना ओळखलं, कारण म्हाई बंद पाडणाऱ्या बाईंचं वर्णन सगळ्या तालुक्यात गेलं होतं. आवाज खोल गेलेला, तरी एकेक शब्द टोचेल असा. "नळ तुमी बंद केलासा न्हवं? खाली पाणी आलं म्हणून गलका झाला, वर थेंब न्हाय. कामावरनं आलोतो, घसा वाळलाता, आडाचं प्यालो. आता उशाला येऊन काय उपेग हाय तुमचा?"

मॅडम म्हणाल्या, "काही नाही. तरी बसते."

आणि त्या बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना खुर्चीवर बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बोटं मात्र चादरीच्या काठाशी चाळा करत होती. शेवंताबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आम्ही तसेच बसून राहिलो, भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी मॅडम पुन्हा गेल्या, तिसऱ्या दिवशीही गेल्या. पुढे शेवंताबाईंची तब्येत वळणावर आली, तेव्हा त्यांनी मॅडमांना पहिलं काम सांगितलं ते घरच्या शेळीला कोण चारा घालतंय त्याची चौकशी करण्याचं. मॅडमांनी बाळूदादांना फोन करून शेळीची चौकशी केली. मला वाटतं, तिथून दोघींचं जमलं.

नंतर गावात ग्रामसभा झाली. आम्हाला वाटलं होतं की साथ आटोक्यात आली म्हणून अभिनंदनाचा ठराव होईल. बाळूदादांनी हार आणून ठेवलेही होते. मॅडम उठल्या, म्हणजे उभ्याच होत्या, त्या पुढे आल्या. म्हणाल्या, नळ बंद करायचा निर्णय माझा होता, आणि तो परत घ्यावा असं मला वाटत नाही. पण वरच्या आळीत पाणी पोचलं नाही, आणि पोचलं का ते मी बघितलं नाही. त्यापायी तुमच्यातल्या एका बाईचा जीव जाता जाता राहिला. मी वरच्या आळीची माफी मागते. त्यांनी हात जोडले. टँकरचा फोटो कुणी टाकला, अंगठे कुणी दिले, टाकीवर निरोप कुणी धाडला, यातलं एक नावही त्यांच्या तोंडून निघालं नाही. ती नावं आमच्या खात्यांतली होती, त्यांच्या खात्यातलं एकही नव्हतं.

अधिकाऱ्यानं माफी मागितल्यावर काय करायचं असतं, ते गावाला माहीतच नव्हतं. मागून एक म्हातारबाबा बाळूदादांना म्हणाले, "आता आमी काय म्हणायचं असतंय रं?" दादांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी हार हातातच ठेवला आणि मॅडमांना म्हणाले, "मॅडम, जरा बसा की."

या माफीबद्दल पुढे मॅडमांकडे खुलासा मागवला गेला. जाहीर सभेत माफी मागितल्यामुळे शासनाची प्रतिमा मलिन झाली, असं त्यात म्हटलं होतं. मी त्यांना मोठं उत्तर लिहून देतो म्हणालो. खुलासे लिहिण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. त्यांनी एकाच ओळीत उत्तर पाठवलं, चूक झाली होती म्हणून माफी मागितली. त्यावर पुढे काही आलं नाही. बहुतेक त्या ओळीवर काय शेरा मारायचा ते कुणाला सुचलं नसावं.

करंजगिरीनंतर मॅडमांनी एक नियम केला आणि निवृत्तीपर्यंत तो मोडला नाही. काम झाल्याचा फोटो त्या बघत नसत. फोन करून म्हणत, शेवटच्या घरातलं कुणीतरी फोनवर द्या. गोळ्या वाटल्या का, हे त्या कर्मचाऱ्याला विचारत नसत, ज्याला गोळ्या मिळायच्या त्यालाच विचारत. सुरुवातीला हाताखालची माणसं कावली. काही जण शेवटचं घर म्हणून जवळचंच घर देत. मॅडम मग त्या घरातल्या बाईला विचारत, तुमच्या पुढं घर आहे का हो? बाई भाबडेपणानं सांगून टाकत, हाय की, अजून लई हायत. मग कर्मचारी चालत पुढे जाई.

हा नियम मलाही लाभला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझ्या पत्नीला दवाखान्यात ठेवलं होतं. मला भेटायला परवानगी नव्हती. रोज एक निरोप येई, प्रकृती स्थिर. मी स्वतः आयुष्यभर असे निरोप लिहिले आहेत, त्यामुळे त्यांची किंमत मला ठाऊक होती. मी घरात भिंतीला धडका द्यायचा बाकी होतो. मॅडमांना तेव्हा श्वास घ्यायला सवड नव्हती, जिल्हाभर खाटा आणि ऑक्सिजन यांचा हिशेब चालला होता, म्हणून मी त्यांना कळवलंही नव्हतं. त्यांना कुठून कळलं माहीत नाही. एका दुपारी त्यांचा फोन आला, म्हणाल्या, धरा, आणि पलीकडून माझ्या बायकोचा आवाज आला. दम लागलेला, पण तिचाच. तिनं विचारलं, गॅसचा नंबर लावला का. मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढे ढकललेली करंजगिरीची म्हाई पाइप बदलल्यावर झाली. अधिकाऱ्यांना ग्रामपंचायतीकडून बोलावणं जातं, तसं आम्हाला आलं, पण मॅडमांना नाही. नाहीतर म्हाईला घरचं बोलावणं लागतं, आणि जिनं म्हाई बंद पाडली तिला कोण बोलावणार? मॅडमांनी ते मनाला लावून घेतलं नाही असं त्या म्हणतात. मी ते मानत नाही. मग आदल्या दिवशी त्यांना शेवंताबाईंचा फोन आला. कारखान्यातल्या कुणाच्या तरी फोनवरून. निरोप एवढाच होता, "उद्या जेवाय या. आन् पाण्याची बाटली आणू नका."

आम्ही दोघं बरोबर गेलो. गाडी खाली ठेवून तो चढ चालत चढलो. मॅडमांना मधेच धाप लागली, तरी थांबल्या नाहीत. शेवंताबाई दारात काठी टेकून उभ्या होत्या. आधी आत या म्हणाल्या नाहीत. नळ सोडला, तांब्या भरला आणि मॅडमांच्या हातात दिला. सगळी आळी आपापल्या दारातून बघत होती. मॅडमांनी तांब्या हातात घेतला. त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते मी सांगणार नाही. करंजगिरीच्या नळाचं होतं की आजीच्या घागरीचं, मला माहीत नाही. मग त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला. शेवंताबाईंनी तांब्या परत घेतला, आत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "अजून हाय."

परतताना मी गाडीत माझा प्रश्न विचारलाच. मॅडम, आज तीच वेळ आली तर? त्या म्हणाल्या, तेवढीच माहिती हातात असेल तर तोच निर्णय घेईन, पण टँकरच्या मागं मी चालत जाईन. मी म्हणालो, निर्णयच चुकला होता, दोन आळ्यांच्या लाइनी वेगळ्या आहेत हे आधी विचारायला हवं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही विचारलंत का? मी म्हणालो, तुमचा संशय होता, विचारायचं तुम्ही. हे कोल्हापूर येईपर्यंत चाललं. तेव्हापासून दर वर्षी म्हाईला आम्ही जातो आणि दर वर्षी हा वाद करत परत येतो. त्या हरल्या नाहीत, आणि मला तर हरताच येत नाही. एका वर्षी वाटेत आम्ही इतके भांडलो की चालकानं गाडी कडेला घेऊन विचारलं, सायेब, काय झालं?

मॅडमांविषयी आदर वाटणारी माणसं जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांनी वाचवलेले जीव, सुधारलेली केंद्रं, घडवलेल्या परिचारिका, याविषयी या ग्रंथात इतरांनी लिहिलं असेल, आणि ते सगळं खरं आहे. मला मात्र त्यांचा मोठेपणा दुसरीकडे दिसतो. आम्ही सरकारी माणसं निर्णय घेतल्यावर सुटलो म्हणतो. निर्णय झाला, आदेश निघाला, विषय संपला. मॅडम निर्णय घेतल्यावर त्याच्याबरोबर राहायला जातात. त्याच्या उशाशी बसतात, त्याच्या घरी जेवायला जातात, त्याच्यावर भांडतात, आणि तो बरोबर होता असं स्वतःशीसुद्धा म्हणून टाकत नाहीत. हे फार अवघड आहे. मला ते त्यांच्याकडे बघून थोडंफार जमलं, आणि त्यामुळे माझी झोप थोडी कमी झाली, याची तक्रार मी या निमित्तानं नोंदवून ठेवतो.

सत्काराच्या दिवशी व्यासपीठावर मॅडमांसाठी मधोमध मोठी खुर्ची ठेवलेली असेल. वक्ते एकामागून एक स्तुती करतील. मॅडमांना विनंती आहे की त्यांनी शक्यतो बसू नये, नाहीतर त्यांना सगळं पटायला लागेल.

मॅडम, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो आणि ते निरोगी असो. डोळे, कान, हृदय सगळं ठणठणीत राहो, पण त्यातल्या त्यात गुडघ्यांची काळजी घ्या. करंजगिरीला अजून वरच्या आळीपर्यंत गाडी जात नाही. शेवंताबाईंचं या वर्षीचंही बोलावणं आलं आहे, आणि बाटली आणू नका हे त्यांनी पुन्हा बजावलं आहे. तेव्हा आपल्याला तो चढ चालतच चढायचा आहे. अर्ध्यावर धाप लागेल, आपण थांबू, आणि मी नेहमीचा प्रश्न विचारीन. तुम्ही उत्तर द्यायला असलंच पाहिजे.